साळखात्यातलं जर्मन

जर्मन भाषेत मी तुम्हाला उत्तम जेवू घालू शकत होते. सूप वाढू का, संकोच करू नका, कृपया थोडं आणखी घ्या, बटाटे अजून कच्चे आहेत, हे सगळं मला अस्खलित येत होतं. कापड विणायच्या यंत्राला, म्हणजे आमच्या गिरणगावात ज्याला साचा म्हणतात त्याला, जर्मनमध्ये काय म्हणतात हे मात्र ठाऊक नव्हतं. आणि मला आयुष्यातली पहिली नोकरी लागली ती साचेवाल्यांना जर्मन शिकवण्याची.

दोष सगळा आमच्या वडिलांचा. आम्ही गिरगावात राहायचो. दोन गल्ल्या सोडून खोताची वाडी. तिथे एका लाकडी घरात एक म्हातारी ख्रिस्ती बाई एकटीच असायची, सगळी वाडी तिला आंटी म्हणायची. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी वीसेक वर्षं तिने एका जर्मन व्यापाऱ्याचं घर सांभाळलं होतं. तिला सुईत दोरा ओवता यायचा नाही म्हणून मी शाळेतून आल्यावर तिच्याकडे जायची, आणि बदल्यात ती मला जर्मन शिकवायची. पुस्तक नाही, फळा नाही. आमटीचा डाव उचलायची, नाव सांगायची. माझं चुकलं की तोच डाव मनगटावर. सात वर्षांत तिने मला तिच्याकडचं सगळं जर्मन दिलं, आणि ते सगळं स्वयंपाकघरातलं होतं.

वडील एका गिरणीच्या फोर्टातल्या कचेरीत कारकून होते. तोवर माझं जर्मन म्हणजे त्यांच्या लेखी रिकामटेकडे उद्योग. पण एक दिवस मोठ्या साहेबाने सांगितलं, की जर्मनीहून नव्या तऱ्हेचे स्वयंचलित साचे येताहेत, बरोबर ते बसवून देणारा फिटर येतोय, त्याला जर्मनशिवाय काही येत नाही, आणि चार महिन्यांत आपल्या कामगारांना त्याच्याशी बोलता येईल असं कुणी शिकवेल का. त्यावर आमचे वडील उभे राहून म्हणाले, "माझी मुलगी जर्मन बोलते, साहेब." त्यांनी मला कधी बोलताना ऐकलंही नव्हतं. माझं वय तेव्हा तेवीस होतं, आणि त्या संध्याकाळी मी त्यांच्यावर इतकी चिडले की जेवले नाही. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने लालबागला गेले.

वर्ग भरायचा एका व्यायामशाळेच्या माडीवर, दुपारी चार ते सहा, पहिली पाळी सुटली की. अट साहेबाने नोटिशीत लिहिली होती. नव्या साच्यांवर चार जागा. फिटर आल्यावर तो स्वतः परीक्षा घेईल, आणि त्याच्याशी ज्यांना बोलता येईल अशा चौघांना त्या मिळतील.

सहा जण आले ते साळखात्यातले, म्हणजे विणकामाच्या विभागातले. त्यांच्यातला थोरला मालवणचा होता. पन्नाशीचा, काळाकभिन्न, भजनात ज्याचा आवाज करी रोडच्या पुलापर्यंत पोचायचा. सगळे त्याला बुवा म्हणायचे. ते सहाही जण पुढच्या बाकांवर बसले. मग सातवा आला आणि शेवटच्या बाकाच्या अगदी टोकाला बसला.

सातवा रिंगखात्यातला होता, जिथे सूत कातलं जातं तिथला. पंचविशीचा, लग्न झालेला, परळच्या एका चाळीत राहणारा. त्या चाळीने नुकताच बौद्ध धर्म घेतला होता. तो टोकाला का बसला हे मला कळलं, आणि कळूनही मी त्याला पुढे ये म्हटलं नाही. हे मी आज इतक्या वर्षांनी लिहितेय, कारण तेव्हा मी स्वतःला फार पुढारलेली समजायची.

तो टोकाला बसला त्याचं कारण असं. जुन्या साच्यांवर धोट्यात, म्हणजे उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी होडीत, नवी नळी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागायचं. एकाच धोट्याला चार जणांची तोंडं लागायची. म्हणून पूर्वीच्या अस्पृश्यांना साळखात्यात घ्यायचं नाही, ही त्या गिरणीची रीत. कायद्याने अस्पृश्यता केव्हाच गेली होती, रीत गेली नव्हती. सातव्याचा बाप त्याच गिरणीत सुताच्या नळ्यांच्या टोपल्या वाहायचा. रिंगखात्यातून टोपली उचलायची, साळखात्याच्या दारात ठेवायची, आणि परत फिरायचं. आतला माणूस येऊन ती आत न्यायचा. तीस वर्षं.

"नव्या साच्याला तोंड लावावं लागत नाही, बाई," सातवा मला पहिल्याच आठवड्यात जिन्यात म्हणाला. "नळी आपोआप बदलते म्हणतात. आता ते काय कारण सांगतील? मला आत जायचंय. बा रिटायर व्हायच्या आधी."

त्याचा बाप सातेक महिन्यांनी निवृत्त होणार होता. सातव्याला ती चारांतली एक जागा हवी होती, आणि त्या दिवसापासून मलाही ती त्याला मिळायला हवी होती.

आता शिकवायचं कशाने? एक शब्दकोश मी उसना मिळवला, त्यातली पहिली पंधरा पानं उंदरांनी खाल्लेली. शिवडीच्या गोदामात कामाला असलेला एकाचा भाऊ जर्मन रंगांचे रिकामे डबे घेऊन आला. त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या हा आमचा वाचनपाठ. साचेवाले खिशातून मोडका धोटा, नळी, फणीचा तुकडा असं काय काय आणायचे. मी शब्दकोशात शोधायची, सापडलं तर नाव सांगायची. सापडलं नाही तर आंटीच्या पद्धतीने वेळ मारून न्यायची. तेल हे सॅलडवरचं तेल झालं, ब्रश हा भांडी घासायचा ब्रश झाला.

कागद मात्र रग्गड होता. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. समोरच्या मैदानात आठवड्यातून तीन-चार सभा व्हायच्या, आणि पत्रकांचे गठ्ठेच्या गठ्ठे व्यायामशाळेत पडून असायचे. त्यांची मागची बाजू कोरी. पुढून "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे", मागून धागा, गाठ, कातर, तेल, जर्मनमध्ये. एकदा व्यायामशाळेचा चिटणीस वर आला आणि ते पाहून लालबुंद झाला. म्हणाला, "आम्ही मराठीसाठी लाठ्या खातोय नि तुम्ही इथे जर्मनचे धडे गिरवताय?" बुवा शांतपणे म्हणाले, "साहेब, सभेक आमीच येतंव मां? मगे?" ते खरंच होतं. सहा वाजता वर्ग सुटला की सगळेच्या सगळे खाली उतरून सभेत जाऊन बसायचे. चिटणिसाने दुसऱ्या दिवशी आणखी एक गठ्ठा वर पाठवला.

सभांमुळे एक पंचाईत झाली. कर्णे चार वाजल्यापासून सुरू. हॅलो हॅलो, मग पोवाडे, मग घोषणा. सभा नसेल त्या दिवशी खाली लेझीम. मी घसा ताणून ओरडायची आणि मलाच माझं ऐकू यायचं नाही. तिसऱ्या दिवशी माझा आवाज बसला. मी रडकुंडीला आलेली पाहून बुवा उठले.

"बाईनू, तुमी आरडतास कित्याक?" ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "त्वांड नीट हलवा. आमका दिसता."

साळखात्यात शेकडो साचे एकदम खडखडत असतात. तिथे कानाचा काही उपयोग नाही. त्यामुळे साचेवाले एकमेकांशी ओठांनी बोलतात. चार साचे पलीकडच्या माणसाला बायकोचं दुखणं, गणपतीची वर्गणी, जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या शिव्या, सगळं आवाजाशिवाय सांगतात आणि त्याला ते कळतं. मी त्या दिवशी फळ्यासमोर उभी राहून नुसते ओठ हलवून जर्मनमध्ये म्हटलं, धागा तुटला. सहाही जणांचे ओठ हलले. धागा तुटला. इतकं नेमकं, की आंटीने डाव खाली ठेवला असता.

त्यानंतर आमचा वर्ग म्हणजे बघण्यासारखा प्रकार झाला. बाहेर कर्णे बोंबलताहेत, आत मुकं जर्मन जोरात चाललंय. ओठांचा चंबू करून काढायचे ते जर्मन उच्चार शिकायला कॉलेजातल्या मुलांना महिने लागतात. यांनी ते पाहून उचलले. मी हुरळून गेले. घरी वडिलांना सांगितलं की मी एक नवीन पद्धत शोधून काढली आहे. माझ्याइतकी मूर्ख शिक्षिका तेव्हा मुंबईत दुसरी नसेल, हे पुढे कळलं.

अडला तो एकटा सातवा. रिंगखात्यातही आवाज असतो, पण साळखात्याचं ते ओठांचं बोलणं त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. ते आत शिकायचं असतं आणि तो दाराबाहेरचा. बाकीचे भराभर पुढे जात होते आणि तो शेवटच्या बाकावर नुसता माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. अखेर मी त्याला पुढे बोलावलं, अगदी माझ्या टेबलाजवळ, म्हणजे त्याला ऐकू तरी येईल. त्याला मी आवाजात शिकवायची, तो आवाजात उत्तर द्यायचा, ओरडून. मला वाटायचं, हा मागे पडतोय.

तो काही नुसता बसून राहणारा नव्हता. एक दिवस मधल्या चहाच्या वेळी तो सरळ बुवांसमोर जाऊन उभा राहिला. "बुवा, मला तुमचं ओठांचं बोलणं शिकवा."

बुवांनी चहाचा घोट घेतला. बुवांनाही चारांतली एक जागा हवी होती, आणि शिवाय ती जुनी रीत होतीच. त्यांनी कप खाली ठेवला. मग त्यांचे ओठ हलले.

"काय म्हटलंय मी?" त्यांनी विचारलं.

"कळलं नाही."

"बस मरे, असा म्हटलंय. बस."

तो बसला. त्या दिवसापासून चहाची दहा मिनिटं त्यांची शिकवणी चालायची. बिचाऱ्याला दोन परकीय भाषा एकदम शिकायच्या होत्या, एक जर्मनीची आणि एक स्वतःच्याच गिरणीतली. मला विचाराल तर दुसरी अधिक कठीण होती. पण बुवा माझ्यापेक्षा चांगले शिक्षक निघाले. ते त्याला व्याकरण वगैरे काही सांगायचे नाहीत. एकच करायचे, काहीतरी चटकदार बातमी ओठांनी सांगायला लागायचे आणि ऐन रंगात आल्यावर थांबायचे. पुढचं कळायला हवं असेल तर आधीचं कळलेलं पाहिजे. पुढे मी चाळीस वर्षं शिकवलं. ती युक्ती मी इतक्या वेळा वापरली, की ती माझीच असल्यासारखी लोक मला तिच्याबद्दल विचारतात.

चार महिने संपले. फिटर आला. परीक्षा साहेबाच्या खोलीत, सकाळी अकराला. साहेब, साळखात्याचा हेडजॉबर, मी, आणि भिंतीला लागून सात खुर्च्यांवर इस्त्रीच्या सदऱ्यातले माझे सात विद्यार्थी. जाड पडदे, डोक्यावर पंखा, आणि सगळीकडे शांतता. एवढी शांतता आम्हाला वर्गात कधी मिळाली नव्हती. मला ती फार बरी वाटली.

मग फिटर आत आला. माणूस उंच, हसऱ्या डोळ्यांचा, पण त्याच्या नाकाखाली काथ्याच्या ब्रशासारखी मिशी होती. ती वरच्या ओठावरून खाली उतरून खालच्या ओठापर्यंत आलेली. त्याला तोंड आहे हे तर्काने समजून घ्यायचं.

त्याने बुवांना विचारलं, "धागा तुटला तर तुम्ही काय करता?"

सोपा प्रश्न. आम्ही शंभरदा केलेला. बुवा त्याच्या मिशीकडे बघत राहिले. मिशी थोडी हलली होती, एवढंच त्यांना दिसलं. फिटरने पुन्हा विचारलं. बुवांनी अंदाजाने काहीतरी ठरवलं आणि उत्तर दिलं. पूर्ण, बिनचूक, सुंदर जर्मन वाक्य, नुसत्या ओठांनी. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

फिटरने कानाला हात लावला. दुसऱ्याकडे वळला. तेच. तिसरा, तेच. हेडजॉबर गालात हसायला लागला आणि साहेबाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते. चार महिन्यांत मी या सहा जणांचा जर्मनमधला आवाज एकदाही ऐकला नव्हता आणि त्यांनी माझा, हे मला त्या क्षणी कळलं. त्यांना तो काढायचा असतो हेच त्यांना माहीत नव्हतं; मी सांगितलंच नव्हतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

सातवा शेवटच्या खुर्चीवर होता. त्याला सगळं ऐकू येत होतं, कळत होतं, आणि बोलताही येत होतं. त्याने फक्त गप्प बसायचं होतं. सहाही जण नापास झाले असते आणि त्याची जागा पक्की झाली असती. मी हे मनात मोजलं, त्यानेही मोजलं असणार.

तो उठून उभा राहिला. बुवांकडे तोंड करून त्याने फिटरचा प्रश्न ओठांनी सांगितला. बुवांचे डोळे एकदम उजळले, ओठ भराभर हलले, आणि सातव्याने फिटरकडे वळून ते मोठ्याने, ओरडूनच म्हटलं, कारण त्याला तसंच यायचं: "धागा तुटला तर मी साचा थांबवतो, टोक शोधतो, गाठ मारतो, आणि साच्याला म्हणतो, संकोच करू नका, कृपया थोडं आणखी घ्या."

फिटर असा हसला की खुर्ची करकरली. हसताना त्याची मिशी वर गेली आणि त्याचे ओठ दिसले, आणि माझे सहाही विद्यार्थी एकदम पुढे वाकले. ते त्याच्या लक्षात आलं. तो काही खुळा नव्हता, पोरवयापासून साच्यांत वाढलेला माणूस. त्याने दोन बोटांनी मिशी वर धरली आणि आवाज न करता, नुसत्या ओठांनी विचारलं, "आता कळतंय का?"

सहा जणांचे ओठ एकदम हलले. पुढची वीस मिनिटं त्या खोलीत एक शब्द ऐकू आला नाही आणि परीक्षा पूर्ण झाली. साहेब कधी मिशीकडे बघत होता, कधी माझ्याकडे.

फिटरने चार बोटं दाखवली. पहिलं सातव्याकडे. मग बुवा, मग आणखी दोघं. राहिलेल्या तिघांपैकी एकाने पुढे आठवडाभर मला नमस्कार केला नाही.

मी फिटरचं बोलणं मराठीत सांगितलं. हेडजॉबरने घसा साफ केला. "साहेब, तो रिंगखात्यातला आहे. साळखात्यात आजपर्यंत..." तो एवढंच बोलला. पुढचं सगळ्यांना माहीत होतं. साहेबाने लेखणी उचलली आणि ती तशीच कागदावर धरून ठेवली. सातवा खाली बघत होता. मी बोलायला हवं होतं, पण माझा नुसता संताप झाला होता आणि संतापात मला नेहमी रडूच येतं.

तेव्हा बुवा बोलले. सकाळपासून पहिल्यांदा, आवाजात, भजनाच्या त्या आवाजात. पडद्याबाहेरच्या कारकुनांनी माना वर केल्या असतील.

"तेका माझ्या बाजूचो साचो देवा. बाकीचा मी बगतंय."

साहेबाने चार नावं लिहिली.

नवे साचे बसायला दोन महिने गेले. चालू करायच्या दिवशी मला फिटरबरोबर दुभाषी म्हणून साळखात्यात नेलं. त्या आवाजाने माझ्या छातीतली हाडं हलली. फिटर माझ्या शेजारी उभा राहून, दोन बोटांनी मिशी वर धरून, तेल कुठे कुठे किती घालायचं ते मला ओठांनी सांगत होता, आणि मला ते समोरच्या हेडजॉबरला आणि तेलवाल्यांना सांगायचं होतं. सातवा त्याच्या साच्यावर होता, शेजारी बुवा.

तेवढ्यात दारात त्याचा बाप आला. दोन्ही हातांनी नळ्यांची टोपली उचललेली. त्याने ती उंबऱ्याशी टेकवली, जिथे तीस वर्षं टेकवायचा तिथेच, आणि आत बघितलं. सातव्याने त्याला पाहिलं. त्याचे ओठ हलले, आणि मला ते लांबून वाचता आले: बा, आत या.

म्हातारा तसाच उभा. त्याला ते वाचता येत नव्हतं. मुलाने पुन्हा तेच म्हटलं, पुन्हा. म्हातारा गोंधळून हसला, हाताने काहीतरी खूण केली आणि परत जायला वळला.

बुवांनी आपला साचा थांबवला. चालता साचा कुणी साचेवाला असा थांबवत नाही. ते दारापर्यंत गेले, म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि टोपलीचा एक कान स्वतः धरला. दुसऱ्या कानाकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्याने एकदा उंबऱ्याकडे पाहिलं, मग दुसरा कान धरला. दोघांनी मिळून टोपली आत आणली, साच्यांच्या मधल्या वाटेने, थेट मुलाच्या साच्यापर्यंत.

फिटर मला अजून तेलाचंच सांगत होता. मी ओठांनीच त्याला म्हटलं, जरा थांबा.